आईच्या टेकडीचं नाव

गावच्या डोंगर-नाल्यांची नावं गोळा करायला मी गेले ती डूख धरून गेले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर पंचायतीने शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला आणि एका माणसाने जन्मभूमीच्या ओढीवर माझ्या नावाने भाषण ठोकलं. मी शाल पांघरून गप्प ऐकत होते. ओढ कसली डोंबलाची! मला एका माणसाचं उट्टं काढायचं होतं आणि त्यासाठी मला तो नकाशा हवा होता.

गाव साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला लागून आहे. मी राहते धुळ्याला, देवपुरात. शाळेत भूगोल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. गावाकडच्या एका लग्नात तिथला ग्रामसेवक भेटला. मुलगा तरुण होता, बाहेरगावचा, गावात नवीनच आलेला. तो म्हणाला, पंचायतीच्या भिंतीवर शिवाराचा मोठा नकाशा रंगवायचा ठरलाय; सरकारी नकाशात नुसते आकडे आणि रेघा आहेत, टेकड्यांची, नाल्यांची गावातली नावं कुठेच नाहीत, ती कोणी गोळा करून देईल का, बघतोय. माझ्या हातात जिलबीचं ताट होतं. ते मी तिथेच खाली ठेवलं आणि म्हटलं, मी करते.

त्याला वाटलं, बाई हौशी दिसतात.

मी एकच नियम केला होता. ज्या जागेचं नाव विचारायचं, त्या जागेवर उभं राहूनच विचारायचं. ओट्यावर बसून सांगितलेलं नाव लिहायचं नाही. ओट्यावर माणूस चांगले कपडे घालून बसल्यासारखा बोलतो. प्रत्येक टेकडीला देवाचं नाव देतो, प्रत्येक ओढ्याला गंगा करतो. तोच माणूस गुरांमागे त्या ओढ्यात उतरला की खरं नाव आपसूक तोंडातून निघतं. शेवटी सगळी नावं ग्रामसभेत वाचायची, गावात राहणाऱ्या कुणीतरी उठून ‘हा, आसंच म्हनतस’ म्हणायचं, मगच ते भिंतीवर जायचं. लग्न होऊन गेलेल्या लेकींचा शब्द धरायचा नाही, हेही मीच लिहून दिलं. तेव्हा मला वाटलं, नियम जितका कडक तितका तो त्या माणसाला मोडता येणार नाही. त्या कडक नियमात माझीच मान अडकणार आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दिवाळीनंतर, गवत वाळायला लागल्यावर आम्ही फिरायला लागलो. बरोबर एक म्हातारे नाना असायचे. त्यांची सगळी हयात गुरं चारण्यात गेली होती. ग्रामसेवक मागून पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत यायचा.

आमच्या गावाची एक खोड आहे. कुठे काही घडलं की ते त्या जागेला चिकटतं आणि मग पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. एका उतारावर कधीकाळी कुणा तेल्याचं बुधलं फुटलं, तो उतार अजून तेलसांड्या. एका बरडीचं, खडकाळ माळाचं, नाव विचारलं तर नाना खुदकन हसले. म्हणाले, “हाई रुसवानी बरडी. जवाई आठे रुसी बठना व्हता. सासरानी सायकल कबूल करेल व्हती, दिधी नही.” मी विचारलं, मग मिळाली का? “कोनले माहीत! पन बरडीले नाव मियी गयं.” तो जावई कुठल्या घरचा, सासरा कोण, हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्याचा रुसवा मात्र तिथेच आहे, गवतासकट. ग्रामसेवकाला हे सगळं फार आवडायचं. तो म्हणायचा, मॅडम, किती गोड आहे ना. मी म्हणायचे, पुढे चला, सगळंच गोड नाहीये.

गावाच्या उत्तरेला, अगदी डोक्यावर आल्यासारखी एक टेकडी आहे. फार उंच नाही. पण तिच्यावरून कुणी बोललं तर खाली पारावर, मारुतीच्या देवळात, घराघरांच्या अंगणात स्वच्छ ऐकू येतं. त्या टेकडीवर आम्ही चढलो तेव्हा नाना पुढे पुढे गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी नियमाप्रमाणे विचारलं. ते उपरण्याने तोंड पुसत राहिले.

“तुले तं माहीत शे, बाई.”

“मला माहीत असून चालत नाही. तुम्ही सांगा.”

“येडीनी टेकडी,” नाना म्हणाले. आणि लगेच पुढे, “मी नही पाडं नाव. बठ्ठं गाव म्हनस.”

ग्रामसेवकाने लिहून घेतलं आणि उत्साहाने विचारलं, कोण होती ती वेडी? नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझी आई.

बिचाऱ्याने पेन खिशात घालून टाकलं.

आता हे सांगायला हवं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई तरुण होती. घर एकत्र होतं. तिचा धाकटा दीर, म्हणजे माझा काका, त्याचं लग्न झालेलं, पण घरात आता मोठा पुरुष तोच. आई मला घेऊन मागच्या खोलीत झोपायची. एका रात्री त्याने त्या खोलीच्या दाराची कडी तोडली. मी जागी झाले तेव्हा आईच्या हातात विळा होता आणि तो दारात उभा होता. मग तो गेला. मला एवढंच आठवतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

दुसरी एखादी असती तर तोंड दाबून बसली असती, किंवा विहीर जवळ केली असती. आईने सकाळी माझं तोंड धुतलं, मला कडेवर घेतलं आणि ती त्या टेकडीवर चढली. पारावर माणसं बसायची वेळ होती. वर उभी राहून ती ओरडली, “आयका रे बठ्ठा! रातले मना देरनी मना दारनी कडी तोडी!” त्याचं नाव नाही घेतलं, नातं सांगितलं. तेवढ्याने सगळ्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच वाक्य, त्याच वेळेला. पारावरची माणसं खाली बघत विड्या ओढत राहायची.

मग काका पारावर गेला आणि त्याने तोंड पाडून सांगितलं, “भाऊ गया आनि वहिनीनं डोकं बी गयं. येडी व्हयी गयी ती.” गावाला हवंच होतं असं काहीतरी. आईचं खरं मानलं असतं तर कुणालातरी उठावं लागलं असतं, जाब विचारावा लागला असता. वेडी म्हटलं की सगळे मोकळे. महिनाभरात टेकडीला नाव पडलं. मामा येऊन आम्हाला घेऊन गेला, एरंडोलजवळच्या त्याच्या गावी. आई तिथे मामाची पिठाची गिरणी चालवायची. पट्टा घसरला तर स्वतः बसवायची, कुणी दळण उधार मागायला आलं तर त्याची सात पिढ्यांची हजेरी घ्यायची. तिथे तिला कुणी कधी वेडी म्हटलं नाही. टेकडीला तिच्यावरून नाव पडलंय हे तिला एका सोयऱ्याकडून कळलं होतं. ती पिठाचे हात झटकत म्हणाली होती, “मी सांगी दिधं. ज्याले आयकानं नही, त्याना कानले मी काय करू?”

तिने ते तिथेच सोडलं. मी नाही सोडलं. आई गेली तरी टेकडी तिथेच होती. दरवर्षी नवी पोरं जन्माला येत होती, बोलायला शिकत होती आणि माझ्या आईला वेडी म्हणत होती. आता ते नाव ऑइलपेंटने पंचायतीच्या भिंतीवर जाणार होतं. आणि काका? काका गावाचा आबा झाला होता. सरपंच होऊन गेला, सोसायटीचा चेअरमन होऊन गेला. त्याच्या ओट्यावर येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्या पाया पडायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मोठ्या माणसाला अरेतुरे करायला आईने शिकवलं नाही. इथे लिहिताना मात्र त्याला ‘तो’च म्हणणार.

टेकडीवरून उतरताना मी फार वाईट मनःस्थितीत होते. तेवढ्यात आम्ही त्याच्या बांधाजवळ पोचलो. सरपंच असताना त्याने मोठ्या नाल्यावर सिमेंटचा बांध घातला होता. वर संगमरवरी पाटी, पाटीवर त्याचं पूर्ण नाव आणि पुढे ‘सागर’. बांध खालून झिरपत होता. पाऊस उघडला की चार आठवड्यांत त्या सागरात बकऱ्या बसायच्या. मी नानांना विचारलं, याला काय म्हणतात? पाटी समोर होती, पण नियम तो नियम. नाना आता जरा सैलावले होते. म्हणाले, “आबानं कोरडं.”

“कुणीकुणी म्हणतं?”

“बठ्ठा म्हनतस. गुराखी, शेतकरी, बाया. पाटी काय आम्हले वाचता येत नही!” आणि नाना डोळे मिचकावून हसले.

मला इतका आनंद झाला की मी त्यांना माझ्या डब्यातला लाडू काढून दिला. ‘आबाचं कोरडं’ मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी त्याच्याकडून बोलावणं आलं. त्याचा ओटा पंचायतीच्या अगदी समोर आहे. तो बाजेवर बसला होता, हातात काठी. थकला होता, पण आवाज तसाच, हुकूम करायची सवय लागलेला. मी त्याच्याशी मुद्दाम शाळेतलं मराठी बोलत होते. आमच्या बोलीत बोललं की आपोआप नातं तयार होतं, ते मला नको होतं.

“पोरी, मागलं काढवामा काय मजा शे?” तो म्हणाला. “तुनी मायनं नाव त्या टेकडीले देऊत. चांगला दगड लाऊत, त्यावर मातोश्री लिखूत. मी सोता सभामा उठीसन सांगसू. मी सांगं का कोनी नही म्हनाव नही. फक्त बांधनं नाव पाटीवर शे तसं ऱ्हाऊ दे.”

मी म्हटलं, विचार करते.

खोटं कशाला बोलू, मी खरंच विचार केला. बसने धुळ्याला येताना तेच डोक्यात होतं. ज्याने आईला वेडी ठरवलं त्याच्याच तोंडून तिचं नाव, दगडात कोरलेलं, वर मातोश्री. मी फक्त एक पाटी वाचून दाखवायची. बांध कोरडा आहे हे तसंही सगळ्यांना माहीत होतं. पण मग डोळ्यांसमोर आलं, तो सभेत उठलाय, काठी टेकून गहिवरून बोलतोय आणि लोक म्हणतायत, बघा आबांचं मन किती मोठं, वेड्या भावजयीच्या नावाचासुद्धा दगड लावला. दगड लागला असता आणि त्या दगडाखाली आईचं ओरडणं कायमचं पुरलं गेलं असतं. मी नको म्हटलं असतं तर भिंतीवर ‘येडीची टेकडी’. दोन्हीकडून तोच जिंकत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

पुन्हा गावात गेले ती एकटीच गेले. नाना नाहीत, ग्रामसेवक नाही. सरळ टेकडी चढले. तिथे उभं राहून मला नुसतं खाली बघायचं होतं, त्याचा ओटा कुठे दिसतो ते. वर गेले तर बायका गवत कापत होत्या. मला बघून थांबल्या. त्यातली एक मी ओळखली, त्याची मोठी सून. पन्नाशीची बाई, रापलेला चेहरा, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. माझी चुलतवहिनीच ती, पण आम्ही कधी दोन शब्द बोललो नव्हतो.

मला एकदम सुचलं. आतापर्यंत मी ज्यांना ज्यांना नावं विचारली ते सगळे पुरुष होते. आणि आमच्याकडे सून सासरच्या थोरांचं नाव कधीच घेत नाही, वाकडं तर नाहीच नाही. सासऱ्याचं नाव एखाद्या झाडाचं असलं तर ती त्या झाडालाही दुसरं काहीतरी म्हणते. माझी आई तर हिची थोरली चुलतसासू. मग ही या टेकडीला काय म्हणत असेल?

मी नियमाप्रमाणे विचारलं. “ही टेकडी कुठली?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने ‘टेकडीच ना’ म्हणून टाळलं. सुनेने विळा खाली ठेवला.

“तुमी लिखशात?”

“नाही लिहीत. सांग तर.”

“मोठमायनी टेकडी,” ती म्हणाली.

मोठमाय म्हणजे बापाच्या मोठ्या भावाची बायको. त्या घरातल्या पोराबाळांनी माझ्या आईला जे म्हणायला हवं होतं तेच. मला वाटलं, मर्यादा म्हणून म्हणत असतील. तसं मी बोलूनही दाखवलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

“मी लगन व्हईसन उनी ना, तवय मना सासूनी माले आठे आनं. म्हने, हाई मोठमायनी टेकडी. घरमा तो एकलाच ऱ्हायना तं कडीवर भरोसा ठेवजो नको. इळा लिसन आठे निंघी ये. गवत कापनारीले कोनी काही इचारत नही.”

“तुझी सासू? काकू?”

“हा. मोठमाय आठेथून वरडनी, तवय ती आंगनमा उभी व्हती. तिनी बठ्ठं आयकं.”

“मग बोलली का नाही?”

“कोनजोडे बोलती, बाई?” ती म्हणाली. मग विळा उचलत, “मी बी मनी देरानीले आनं आठे.”

देरानी म्हणजे तिची धाकटी जाऊ. बाकीच्या बायका गवताकडे बघत होत्या. कुणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकूला, सुनांना, भाऊबंदांच्या घरच्या बायकांना. खाली पारावर पुरुष ‘येडी’ म्हणत होते, आणि वर टेकडीवर, पिढीमागून पिढी, एक बाई दुसरीला माझ्या आईचं सांगणं जसंच्या तसं हवाली करत होती. आई सांगून मोकळी झाली होती. ऐकणाऱ्या इथे होत्या. मला रडू यायला हवं होतं, पण रडू आलं नाही. मला त्याचा ओटा दिसत होता आणि माझे हात शिवशिवत होते.

मी तिला सभेत बोल म्हणून सांगितलं नाही. तिला त्या घरात राहायचं होतं, मला नव्हतं. फक्त त्याला निरोप धाडला, दगड नको, लोक जे सांगतील ते लिहीन.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढे भरली. पुरुष सतरंजीवर, बायका कडेला भिंतीशी. तो खुर्चीवर, पुढच्या रांगेत. ग्रामसेवक एकेक नाव वाचत होता आणि लोक मजेत हुंकार भरत होते. तेलसांड्याला हसले, रुसव्याच्या बरडीला टाळ्या पडल्या. मग ग्रामसेवक म्हणाला, “गावाच्या उत्तरेची टेकडी. स्थानिक नाव?” आणि अडखळला. माझ्याकडे बघायला लागला.

“लिख ना भाऊ,” काका खुर्चीतून म्हणाला. अगदी प्रेमळ आवाजात. “येडीनी टेकडी. बठ्ठं गाव म्हनस. बाईस्नी सोता फिरीफिरी इचारेल शे.” पुरुषांत थोडी खसखस पिकली. मी उभी राहिले, आणि मला माझाच नियम आठवला. लग्न होऊन गेलेल्या लेकींचा शब्द धरायचा नाही. मी तोंड उघडलं असतं तर त्याने तो नियम मला सभेत वाचून दाखवला असता. तो हसत माझ्याकडे बघत होता, त्याची काठी मांडीवर आडवी.

“बठ्ठं गाव नही म्हनत.”

भिंतीशी त्याची मोठी सून उभी राहिली होती. डोक्यावर पदर, पण आज तो दातांत नव्हता. “आम्ही बाया मोठमायनी टेकडी म्हनतस.”

तिचा नवरा ओरडला, “बस खाले!”

“बसस. आदी लिखू द्या.”

ग्रामसेवकाला गावाचं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या कागदावर प्रत्येक नावापुढे नाव पडण्याचं कारण लिहायचं होतं, म्हणून त्याने साधेपणाने विचारलं, “असं का म्हणता, ताई?”

“ती येडी नव्हती म्हनीसन,” ती म्हणाली.  “घरमा आबा एकला ऱ्हायना का आम्ही त्या टेकडीवर निंघी जातस. मनी सासू बी जाये. मी बी गयी. मनी देरानी आठे बठेल शे, तिले इचारा.”

 धाकटी सून मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली नाही, पण म्हणाली, “हा. मोठमायनीच.” मग भिंतीशी आणखी एक आवाज आला, आणखी एक. एका म्हातारीने तर काठी आपटून सांगितलं. सगळ्या बायका तेच नाव घेत होत्या आणि पुरुष एकाएकी चपला शोधायला लागले होते.

मी फक्त त्याच्याकडे बघत होते. ती घडी मला चुकवायची नव्हती. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.  माझ्या पोटात इतकं गार वाटलं की मला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

ग्रामसेवकाने घाम पुसला, लिहिलं आणि पळ काढल्यासारखा पुढचं नाव वाचायला लागला. पुढचं नाव होतं बांधाचं. त्याने पाटीवरचं लांबलचक नाव वाचायला सुरुवात केली, तोच मागून नाना ओरडले, “आबानं कोरडं लिखा!” कुणीच हसलं नाही. हसण्यापेक्षा ते जास्त झोंबणारं होतं. विरोधही कुणी केला नाही.

साक्रीहून पेंटर आला. त्याने टेकड्या हिरव्या केल्या, नाले निळे, बांध मातकट. पंचायतीची ती भिंत काकाच्या ओट्यासमोरच आहे, मधे फक्त रस्ता. ही जागा मी निवडली नव्हती, पण विचारलं असतं तर हीच निवडली असती.

पावसाळा संपल्यावर मी भिंत बघायला गेले. ‘मोठमायची टेकडी’ खालचा रंग थोडा पोपडला होता. मी बघत उभी होते, तेव्हा ओट्यावरून हाक आली. तो बाजेवर होता, भिंतीकडे पाठ करून. मी जाऊन समोर बसले.

“रंग उडी जाई,” तो म्हणाला. “अजून दोनतीन पावसाया.”

“उडाला की पुन्हा लावीन. डबा घरात आणून ठेवलाय.”

“माले आते घरमा कोनी च्या बी इचारत नही. सुना बोलतस नही. नातू बी भाईर जास.”

 त्याने बराच वेळ काठीने फरशीवर रेघा ओढल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “तुनी माय येडी नव्हती.”

हे त्याच्या तोंडून ऐकायला माझी सगळी उमर गेली होती. ऐकल्यावर छातीत गलबललं, ते मी नाकारत नाही. मी पारावर पाहिलं. तिथे माणसं बसली होती, बिड्या ओढत.

“मोठ्याने सांगा,” मी म्हटलं. “ऐकणारे आहेत.”

त्याने मान वळवून पाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा फरशीकडे.

“मी मरी जासू,” तो शेवटी म्हणाला, “तवय तरी पुसशी ना?”

“तुम्ही गेल्यावर अक्षर आणखी ठळक करीन, काका.”

आतून त्याची मोठी सून आली. तिच्या हातात एकच कप होता. बाजेला वळसा घालून तिने तो माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. चहा कडक होता, आलं ठेचून घातलेलं. मी तो त्याच्यासमोर बसून, फुंकर मारत, सावकाश प्यायले.